१७ इंची चाकं आणि माजिवड्याचे खड्डे

मागच्या भागात मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, स्विफ्टला १७ इंची अलॉय बसवतोय म्हणून. नाही बसवले. का, ते सांगतो.

गाडी बाबांची. २०१८ची व्हीएक्सआय, टायर १६५/८० आर१४. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ८० टक्के, म्हणजे १३२, आणि रिम १४ इंची. पूर्ण व्यास साधारण ६२० मिलिमीटर. मी एक्सेल उघडून बसलो (सवय, दुसरं काय!). २०५/४५ आर१७चा व्यास निघाला ६१६. वा, स्पीडोमीटरलाही फरक कळणार नाही! पण मग रिमचे वाढलेले तीन इंच आले कुठून? टायरच्या भिंतीतून. १३२चं रबर ९२वर आलं.

आणि मी राहतो माजिवड्यात, नाशिक हायवे आणि घोडबंदर रोड भेटतात तिथे. जुलैत कापूरबावडीकडे वळताना पाण्याखाली काय आहे ते आधी चाकालाच कळतं. ऑफिसातल्या मित्राच्या १७ इंची रिमची कड तिथेच वाकली, टायरला फुगा आला. रात्री साडेअकराला भर पावसात स्टेपनी लावायला मी गेलो होतो. त्याची आई मागच्या सीटवर बसून होती. आमच्या बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. घरी आल्यावर ती एक्सेल शीट मी परत उघडलीच नाही.

शेवटी घेतले १८५/६५ आर१५. कंपनी झेडएक्सआयला हीच साइज देते. व्यास ६२१, भिंत १२०. कायद्याचंही आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. अपघातानंतर इन्शुरन्सवाल्याशी वाद घालायची माझी तयारी नव्हती.

घेताना पीसीडी ४ गुणिले १०० बघा, ऑफसेट मूळच्या जवळचा ठेवा. मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. अलॉयचं मोठं असेल तर हब रिंग मागून घ्या, नाहीतर वेगात स्टेअरिंग थरथरतं आणि तुम्ही उगाच अलाइनमेंटवाल्याकडे चकरा मारता.

परवा बाबांना घेऊन कापूरबावडी पार केली. उतरल्यावर चाकांकडे बघत म्हणाले, "छान आहेत. पण एवढे पैसे कशाचे घेतले रे?"