आधी विचारा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चारचौघींत बोलण्याची सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतचेच. पण कार्यवाहबाईंनी आग्रह केला, आणि एक गोष्ट मनात सलत आहे, म्हणून उभी राहिले.

ह्यांच्या आत्या, आमच्या आत्याबाई, गेल्या वर्षापासून वृद्धाश्रमात आहेत. वय ब्याऐंशी, मूलबाळ नाही. पडून मांडीचे हाड मोडले. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, दिवसभर मी एकटी, मला त्यांना उचलणे होईना. आश्रमात ठेवले याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची.

एके दिवशी भेटायला गेले, तर आत्याबाईंचा अंबाडा नाही! केस पोरासारखे कापलेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "विंचरण्यात वेळ जातो, म्हणून सगळ्यांचेच कापतो." आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या आजीचे केशवपन केले, तेव्हा तिलाही कोणी विचारले नव्हते."

घरी येऊन मी प्रवेशाचा कागद काढला. "संस्थेचे सर्व नियम मान्य आहेत" असे लिहिलेले, आणि खाली सही ह्यांची. आत्याबाईंची सही कुठेच नाही. रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या बाईची सही घ्यावी, हे आम्हालाही सुचले नाही. न विचारण्याची सुरुवात आमच्याच घरातून झाली होती.

तक्रार करावी असे मनात आले. पण यावेळी आधी त्यांनाच विचारले. त्या घाबरल्या. "तू बोलून घरी जाशील. रात्री मी हाक मारली आणि कोणी आलेच नाही तर?" आठ दिवसांनी म्हणाल्या, "बोल, पण माझ्यासमोर." तसे आम्ही व्यवस्थापकांशी बोललो. भांडण केले नाही. आता त्यांचे केस पुन्हा वाढत आहेत, आणि अंघोळीच्या वेळी पडदा ओढतात. पूर्वी तोही ओढत नसत.

भगिनींनो, कायदा आपल्याला ठाऊक हवा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. मूलबाळ नसलेल्या वृद्धांचा सांभाळ, ज्याला पुढे त्यांची मालमत्ता मिळणार त्या ऐपतदार नातेवाइकाने करायचा असतो. मग आश्रमात पोहोचवून आमचे कर्तव्य कसे संपेल? सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिले आणि पुढे सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. अर्ज प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात करायचा. स्वतःला जमत नसेल तर वृद्ध माणूस दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला तसा अधिकार देऊ शकतो. वृद्धांच्या मदतीसाठी १४५६७ हा फोनही आहे. पण फोन करायचा तर तो हाताशी हवा, कपाटात कुलूपबंद नको.

आता थोडे आपल्याविषयी. रागावू नका. दरवर्षी आपण आश्रमात केळी वाटतो, आज्यांना ओळीत बसवतो, फोटो काढतो. तो याच स्मरणिकेत छापतो. "फोटो काढू का?" असे आपण कधी विचारले? त्या फोटोत मीही हसत उभी आहे.

म्हणून माझी सूचना अशी. वर्षातून एकदा केळी नेण्याऐवजी दर महिन्याला आपल्यापैकी दोघींनी जावे, तेही न कळवता. शेजारी बसून विचारावे: दाराला आतून कडी आहे का? फोन स्वतःजवळ आहे का? औषध कशाचे ते सांगतात का? आपले पैसे कोणाकडे आहेत? आणि त्यांचे नाव घेऊन बोलावे. 'ए आजी' हे काही नाव नव्हे.

उद्या आपल्यालाही कोणीतरी हात धरून कुठेतरी नेईल. नेताना त्याने आधी विचारावे, असे वाटत असेल तर आज आपण विचारायला शिकू या.