आय.आय.टी. प्रवेशाची पूर्वतयारी : अकरावीचे वर्ष वाया जाऊ नये



दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, "अकरावी म्हणजे विसाव्याचे वर्ष." त्या वर्षी बोर्डाची परीक्षा नसते, तेव्हा हे बोलणे वरवर शहाणपणाचे वाटते. परंतु ज्या मुलाला वा मुलीला पवईच्या किंवा अन्य कोणत्याही भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजेच आय.आय.टी.मध्ये, प्रवेश घ्यावयाचा आहे, त्यांना हा समज फार महागात पडतो. या प्रवेशपरीक्षेला अकरावी आणि बारावी अशा दोन्ही इयत्तांचा अभ्यासक्रम असतो. गतीचे नियम, त्रिकोणमिती, रासायनिक बंध हे सारे अकरावीचे विषय आहेत. बारावीत ते पुन्हा शिकवले जात नाहीत. ते येतात असे गृहीत धरूनच पुढचा पाठ सुरू होतो.

पहिली आय.आय.टी. १९५१ साली खरगपूर येथे स्थापन झाली, मुंबईची १९५८ साली. आज देशात अशा २३ संस्था आहेत. २०२५ साली तेथील पदवी अभ्यासक्रमाच्या जागा सुमारे अठरा हजार होत्या, तर पहिल्या परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. ही परीक्षा दोन टप्प्यांत होते. 'जेईई मेन' साधारणतः जानेवारी व एप्रिल अशी दोनदा घेतली जाते व दोहोंपैकी चांगले गुण धरले जातात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. तीतील वरचे सुमारे अडीच लाख विद्यार्थीच 'जेईई ॲडव्हान्स्ड' या दुसऱ्या परीक्षेला पात्र ठरतात. ही दुसरी परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत केवळ दोनदाच देता येते. त्यामुळे "यंदा नुसते बसून पाहू" असे म्हणणाऱ्याची निम्मी संधी तेथेच खर्ची पडते.

ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांची खरी अडचण मात्र बुद्धीची नसते. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत येतो आणि पहिल्याच आठवड्यात त्याचे ओळखीचे शब्द नाहीसे होतात. बल जाते आणि फोर्स येतो. त्वरणाचे ॲक्सिलरेशन, संवेगाचे मोमेंटम, अपवर्तनाचे रिफ्रॅक्शन, संयुजेची व्हॅलन्सी होते. ज्याला संवेग म्हणजे काय हे नीट समजले आहे, त्याच्या ज्ञानात काहीच उणे नसते. वस्तू तीच, नाव तेवढे नवे. पण वर्गात मागच्या बाकावर बसून तो स्वतःला 'ढ' समजू लागतो, आणि दिवाळीपर्यंत विज्ञान सोडण्याच्या गोष्टी सुरू होतात. कित्येक हुशार मुले अशी गळाली आहेत. त्यावरचा उपाय साधा आहे. नववीपासूनच एका वहीत मराठी शब्द आणि त्यासमोर इंग्रजी शब्द लिहीत जावे. रोज दहा मिनिटे पुरतात. २०२१ पासून 'मेन'ची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, ही मोठीच सोय झाली. तथापि 'ॲडव्हान्स्ड' आजही केवळ इंग्रजी व हिंदीतच असते, हे विसरून चालणार नाही.

गणिताविषयी एवढेच सांगावयाचे की, सोडवलेले उदाहरण वाचणे म्हणजे उदाहरण सोडवणे नव्हे. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका विनामूल्य उपलब्ध आहेत. कानपूरच्या आय.आय.टी.च्या साहाय्याने केंद्र शासनाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'साथी' या संकेतस्थळावरही मोफत पाठ मिळतात. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलांसाठी नागपूरची 'महाज्योती' ही राज्य शासनाची संस्था दहावीनंतर अशा परीक्षांचे मोफत प्रशिक्षण देत आली आहे. तिच्या जाहिरातीकडे निकालाच्या दिवसांतच लक्ष ठेवावे.

लाखो रुपये भरून राजस्थानातील कोट्यास गेल्याशिवाय किंवा मोठ्या शहरातील क्लास लावल्याशिवाय काही होत नाही, असा एक समज दृढ झाला आहे. क्लासचा उपयोग नाही असे नव्हे. पण महाविद्यालयात नाव केवळ हजेरीपुरते आणि दिवसभर मुक्काम क्लासमध्ये, ही जी रीत पडली आहे ती धोक्याची आहे. प्रयोगशाळेचे तोंड न पाहता प्रयोगवही उतरवून काढली जाते. मग परीक्षेत यश मिळूनही बारावीत ७५ टक्के गुण नसल्याने, आणि बोर्डाच्या वरच्या २० शतमकातही नाव नसल्याने, विद्यार्थी दारातून परत येतो. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांसाठी ही अट ६५ टक्क्यांची आहे.

"एवढा खर्च आम्हांला कसा झेपायचा?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे, पण पुष्कळदा तो अपुऱ्या माहितीतून आलेला असतो. आय.आय.टी.चे शिक्षण शुल्क वर्षाला दोन लाख रुपये आहे हे खरे. परंतु अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाहून कमी असेल तर इतरांनाही पूर्ण माफी आहे, आणि एक ते पाच लाखांपर्यंत दोनतृतीयांश. वसतिगृह व भोजनाचा खर्च तेवढा वेगळा. मुलींसाठी २०१८ पासून अधिकच्या जागा निर्माण केल्या आहेत, हेही मुलीला लांब धाडण्यास कचरणाऱ्या वडिलांनी ऐकून ठेवावे.

राहिला कागदपत्रांचा भाग. तो रुक्ष खरा, पण वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर पाणी पडते ते बहुधा येथेच. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारपत्रावर पुष्कळदा शेवटी. हा फरक अर्ज भरण्यापूर्वीच मिटवलेला बरा. दुसरी गोष्ट प्रवर्गाची. भटक्या विमुक्तांचे वेगळे प्रवर्ग राज्याच्या प्रवेशात आहेत, केंद्राच्या प्रवेशात नाहीत. तेथे ती जात केंद्राच्या यादीत आहे का आणि असल्यास कोणत्या प्रवर्गात, हे पाहावे लागते. राज्याने दिलेले सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गाचे आरक्षणही तेथे लागू होत नाही. इतर मागासवर्गीयांचे नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातच आणि प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिल रोजी किंवा त्यानंतर दिलेले लागते. राज्याच्या नमुन्यातील जुना दाखला कपाटात जपून ठेवलेला असला तरी तो तेथे चालत नाही. 'ॲडव्हान्स्ड'ची परीक्षा मे महिन्याच्या सुमारास होते व जूनमध्ये प्रवेशफेऱ्या सुरू होतात. त्या वेळी सेतू केंद्रावर साऱ्या तालुक्याची रांग लागलेली असते. म्हणून उत्पन्नाची कागदपत्रे मार्चमध्येच गोळा करून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज द्यावा, आणि दाखला हाती पडताच तो केंद्राच्या नमुन्यात आहे ना, हे खिडकीपाशी उभे राहूनच वाचून घ्यावे.