पोरं सगळं पाहतात



आज आम्ही एक अवघड गोष्ट बोलणार आहोत. ती गावात साऱ्यांना ठाऊक असते, पण पारावर कुणी काढत नाही. नवरा बायकोला मारतो, तेव्हा घरातली पोरं काय करतात?

थोरली माणसं म्हणतात, "पोरं झोपली होती. त्यांना काय कळतंय?" मंडळी, पोरं झोपलेली नसतात. गोधडी डोक्यावर ओढून, श्वास धरून ती पडलेली असतात. बापाच्या पायताणाच्या आवाजावरून त्यांना कळतं, आजची रात्र कशी जाणार.

पोराला एक चापटही बसली नसेल. तरी मार त्याला लागतोच. वळ तेवढा दिसत नाही. कुणी पोर झोपेत दचकतं. सात वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. कुणाचं पोट सारखं दुखतं, औषधानं राहत नाही. शाळेत डोळे फळ्यावर असतात, मन घरी आईपाशी असतं. 'माझ्यामुळंच भांडण झालं,' असंही पुष्कळ पोरांना वाटतं.

पोर बघून शिकतं. औत धरायला ते बापाच्या मागं चालून शिकतं. तसंच हेही शिकतं. राग आला की हात उचलायचा, हे मुलगा शिकतो. मुकाट्यानं सोसायचं, हे मुलगी शिकते. सगळीच पोरं तशी निघत नाहीत. आजी, मामा, गुरुजी, असं एक जरी भरवशाचं माणूस जवळ असलं, तर पोर सावरतं.

मग करायचं काय?

पोराला जवळ घ्या. "तुझी यात काही चूक नाही," असं सांगा. "आईचं खरं का बापाचं?" असं विचारू नका. "मारामारीत मध्ये पडू नकोस, शेजारी धावत जा," हे आधीच शिकवून ठेवा.

शेजाऱ्यांनो, 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून कडी लावू नका. आग लागली तर आपण घागर घेऊन धावतो ना? तसे चौघं मिळून जा. दारावर थाप मारा.

कायदाही पाठीशी आहे. घरातल्या मारहाणीपासून बायकांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. त्यासाठी सरकारनं संरक्षण अधिकारी नेमले आहेत. बाईनं स्वतःच गेलं पाहिजे असं नाही, शेजाऱ्यानं कळवलं तरी चालतं. खऱ्या मनानं कळवणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाही. नवऱ्याला मनमानीनं बायकोला घराबाहेर काढता येत नाही. पोरांचा तात्पुरता ताबा कोर्ट आईला देऊ शकतं. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो. फोनचे आकडे लिहून ठेवा: पोरांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, पोलिसांची तातडीची मदत ११२.

आता दोन शब्द बापांना. 'दारूच्या नादात हात उठला,' हे कारण पोराला समजत नाही. राग आला तर बाहेर पडा. वेशीपर्यंत चालून या. राग निवला की घरात या. पोरं तुमचीच आहेत. तुमची चाहूल लागताच त्यांनी कोपऱ्यात दडावं, का दारात धावत यावं, हे तुमच्या हातात आहे.