नाव बदलते, विष बदलत नाही



येमेन, इथिओपिया या देशांत ‘खात’ नावाच्या झुडपाची कोवळी पाने चघळण्याची प्रथा शतकानुशतके चालत आली आहे. त्या पानांतील उत्तेजक द्रव्य म्हणजे कॅथिनोन. त्याच्या रचनेत फेरफार करून प्रयोगशाळेत जी द्रव्ये बनवली जातात, ती कृत्रिम कॅथिनोन होत. मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांत ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ या नावाने येणारे मेफेड्रोन त्यांपैकीच एक.

मेफेड्रोन १९२९ सालीच तयार झाले होते; त्याचा बाजार मात्र एकविसाव्या शतकात मांडला गेला. पाश्चात्त्य देशांत अशी द्रव्ये ‘स्नानाचे क्षार’ वा ‘झाडांचे खत’ म्हणून विकली जात. पाकिटावर ‘मानवी सेवनासाठी नाही’ असे छापलेले असे. ती सूचना ग्राहकाच्या हितासाठी नव्हे, कायद्याला चकवण्यासाठी होती! ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये मेफेड्रोनवर बंदी घातली. भारतात ते फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. परंतु एका द्रव्यावर बंदी आली की रेणूचा एखादा भाग बदलून दुसरे उभे केले जाते. नाव नवे, विष तेच.

हे विष करते काय? मेंदूतील डोपामिन, सेरोटोनिन आदी संदेशवाहक द्रव्यांचा ते अनैसर्गिक पूर आणते. क्षणभर उत्साह वाटतो; तो ओसरताच मन खचते आणि हात पुन्हा पुडीकडे जातो. हृदयाची गती व रक्तदाब वाढतो, शरीराचे तापमान धोकादायक पातळीवर जाते, झोप उडते, संशय व भास मागे लागतात. प्रसंगी मृत्यूही ओढवतो. यावर नेमका उतारा असे औषध नाही. शिवाय पुडीत नेमके काय आणि किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

हे संकट दूरदेशीचे राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला. कायदा कठोर आहे. ५० ग्रॅमहून अधिक मेफेड्रोन ही व्यापारी मात्रा ठरते आणि त्यासाठी किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे.

तथापि पोलीस कारखाना बंद करू शकतात; घरातील मौन त्यांना मोडता येत नाही. मुलगा रात्र-रात्र जागतो, दात खातो, विनाकारण संशय घेतो, पैशांचा हिशेब लागत नाही, हे आईच्या ध्यानी प्रथम येते. मग ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने सारे झाकले जाते आणि उपचाराचे मोलाचे महिने निसटतात. व्यसनी मनुष्य हा रुग्ण आहे, हे कायदाही जाणतो. अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासनमान्य केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर कलम ६४-अ तिला खटल्यापासून संरक्षण देते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकही आहे.

विक्रेत्याला दया नको आणि रुग्णाला तिरस्कार नको, हा विवेक समाजाने जागवला पाहिजे. शेजारच्या घरातील मुलगा उपचारांहून परतेल, तेव्हा कुजबुज न करता त्याला पूर्ववत सामावून घेणे, हेही व्यसनमुक्तीचेच कार्य आहे. कुटुंबाची प्रतिष्ठा मुलाचे व्यसन लपवण्यात नाही, त्याला वाचवण्यात आहे.