तात ढिली आहे

माझे वडील पिंजारी होते. भातकुलीत आणि आसपासच्या खेड्यांत गाद्या-रजयांसाठी रुई पिंजून देणं हा त्यांचा धंदा. आजच्या मुलांनी पिंजण पाहिलेलं नसेल, म्हणून सांगतो. जवळजवळ माणसाच्या उंचीची लाकडी कमान, तिला जनावराच्या आतड्याची ताणून बसवलेली तात. ही तात रुईच्या ढिगाला लावून धरायची आणि लाकडी डंबेलाने तिच्यावर ठोका मारायचा. टाँय! तात थरथरते, रुईच्या गाठी सुटतात आणि अंगण पांढरं होतं. हिवाळा लागला की सकाळपासून हाच आवाज. शेजारचे कंटाळत. आम्ही भावंडं मात्र त्या आवाजात अभ्यास करायचो, झोपायचोसुद्धा.

हे सगळं सांगायचं कारण एक इंग्रजी गाण्यांची कॅसेट.

मी तेव्हा अमरावतीला बी.ए. करत होतो. वर्गातल्या एका मित्राला गिटारचं वेड. त्याचे मामा मुंबईला, ते कॅसेट पाठवायचे. १९८८ साली एक कॅसेट आली, ‘रॉक एन रोल रेनेगेड’. बँडचं नाव रॉक मशीन. आम्हाला वाटलं, अमेरिकेतला असेल. निघाला मुंबईचा! उदय बेनेगल गाणारा, महेश टिनईकर गिटारवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर. १९८४ साली सुरू झालेला हा बँड आधी इतरांसारखा परदेशी गाणीच वाजवायचा, पण पुढे त्यांनी स्वतःची गाणी धरली. उसनं गायचं नाही, हा बाणा आम्हाला फार भावला.

सुट्टीत मी ती कॅसेट भातकुलीला आणली आणि टू-इन-वनवर लावली. अब्बा अंगणात काम करत होते. गिटारचा तो करकरीत, फाटल्यासारखा सूर त्यांनी क्षणभर कान देऊन ऐकला आणि म्हणाले, ‘‘तात ढिली है इसकी.’’

मला हसू आलं, पण म्हातारा फार चुकला नव्हता. इलेक्ट्रिक गिटारचा सूर मुद्दाम फाडतात, त्यातच त्याची मजा असते. गिटार स्पीकरजवळ नेली की स्पीकरचा आवाज तारेला पुन्हा हलवतो, ती थरथर पुन्हा स्पीकरमधून मोठी होऊन येते आणि एक न थांबणारी किंकाळी तयार होते. परदेशात अशा किंकाळ्यांवरच उभं राहिलेलं संगीत आहे, त्याला नॉइज रॉक म्हणतात. नॉइज म्हणजे गोंगाट. रॉक मशीन त्या जातीचा नव्हता. त्याची गाणी सुरेल, गुणगुणता येण्यासारखी. पण आमच्या घरी, गल्लीत आणि कॉलेजातही सगळ्याला एकच शब्द होता : गोंगाट.

मुंबईतही काही वेगळं नव्हतं. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’चे कार्यक्रम होत. मागेपुढे इस्पितळं, कॉलेज. इस्पितळ, शाळा आणि न्यायालयापासून शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र, हा नियम २००० साली आला आणि रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले. नियम योग्यच आहे. आजाऱ्याची झोप गाण्यापेक्षा मोठी. तरी वाईट वाटायचं ते वाटतंच.

तर आम्ही दोघांनी ठरवलं, कविता माझी, चाल त्याची. मराठीत रॉक. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एक गाणं केलं. दुसऱ्या कडव्याला माईकने शिट्टी मारली, ती काही थांबेना. पोट्ट्यांनी बाकं बडवली. खाली उतरल्यावर मित्र म्हणाला, ‘‘शायर, ती शिट्टीच सगळ्यात चांगली होती बे.’’ ते आमचं पहिलं आणि शेवटचं गाणं.

रॉक मशीनने १९९३ साली नाव बदललं. इंडस क्रीड. सिंधू नदीचं नाव घेतलं, तबल्यासारखी आपली वाद्यं सुरांत आणली, म्हणजे भारतीय आहोत हे नावावरूनही कळावं. पण तेव्हा हिंदी पॉपचा जमाना आला होता. अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ १९९५ चं. इंडस क्रीडचा त्याच नावाचा अल्बमही त्याच वर्षीचा. तुम्ही हिंदीत का नाही गात, हा प्रश्न इंग्रजीत गाणाऱ्या प्रत्येक भारतीय बँडच्या पाठीशी लागलेला असे. १९९७ साली हा बँड मोडला. बेनेगल न्यूयॉर्कला गेला, तिथे जुना सहकारी जयेश गांधी याच्याबरोबर दुसरा बँड काढला. बाकीचे आपापल्या वाटेने गेले.

तो प्रश्न माझ्या ओळखीचा होता. तुम्ही उर्दूत का नाही लिहीत? आमच्या घरात बोलायची ती वऱ्हाडी वळणाची दखनी. अंगणाबाहेर वऱ्हाडी. शाळा मराठी. उर्दू मला वाचतासुद्धा अडखळतच येते. १९९६ ला माझा पहिला संग्रह निघाला. एका कार्यक्रमात अध्यक्षांनी पाठीवर थाप मारली, ‘‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आज मी शपथेवर सांगेन. पण स्वतःच्या घरात कुणी ‘या, बसा ना’ म्हटल्यावर कसं वाटेल? मी मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘‘तारीफच केली की तुही. मंग काय झालं?’’

त्यालाही कळलं नाही, याचं मला त्या अध्यक्षांपेक्षा जास्त लागलं. तो नोकरीला पुण्याला गेला. पत्रं आली, मी उत्तरं दिली नाहीत. इकडे कविताही थांबली. कागद घेऊन बसलो की वाटे, आता हे शुद्ध आहे का बघणार. असं बरीच वर्षं चाललं. मधल्या काळात मशीनवर रुई पिंजली जाऊ लागली आणि अब्बांचं पिंजण भिंतीवर गेलं. २००९ मध्ये अब्बाही गेले.

२०१२ च्या पावसाळ्यात टपालाने एक पाकीट आलं. आत सीडी. इंडस क्रीडचा नवा अल्बम, ‘इव्हॉल्व्ह’. पत्र नाही, चिठ्ठी नाही. पाठवणाऱ्याच्या नावाचीही गरज नव्हती.

२०१० साली तो बँड पुन्हा उभा राहिला होता. बेनेगल, टिनईकर, बालापोरिया हे तिघे जुने. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे दोघे नव्या पिढीचे. आठ गाणी. आवाजाचं शेवटचं मिश्रण टिम पामरने केलेलं, ज्याने पर्ल जॅमचा गाजलेला ‘टेन’ मिसळला होता. खरं सांगतो, पहिल्यांदा ऐकलं आणि निराश झालो. मला १९८८ हवं होतं. ते त्यात नव्हतंच. केस उडवणारा तो जोश नाही, गाणी लांबट, गिटार वाट पाहते, मग बोलते. चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा ऐकल्यावर ध्यानात आलं, की ही माणसं पंचविशीचं सोंग आणत नाहीयेत. सगळीच गाणी सारखी उतरलेली नाहीत, एक-दोन मला आजही कोरडी वाटतात. पण खोटं एकही नाही.

पुन्हा एकत्र येणारे बँड पुष्कळ असतात. जुनी गाणी वाजवत गावोगाव फिरलं की पैसा मिळतो, लोक आपलं तारुण्य ऐकायला येतात. नवा अल्बम काढणं वेगळं, त्यात आपटायची भीती असते. न्यूयॉर्कचा स्वान्स हा खरोखर कानठळ्या बसवणारा बँड. योगायोग असा, की तोही १९९७ लाच मोडला आणि २०१० लाच नवा अल्बम घेऊन परतला. जीझस लिझर्ड नावाच्या अमेरिकन नॉइज रॉक बँडने तर १९९८ नंतर थेट २०२४ मध्ये अल्बम काढला, ‘रॅक’. सव्वीस वर्षं! माझ्या पुतण्याने मोबाइलवर ऐकवला. साठी ओलांडलेला गायक तसाच ओरडतो आहे. मला तो झेपला नाही, पण पुतण्याकडून अर्धा तास मोबाइल परत घेतला नाही, एवढं कबूल करतो.

सीडी ऐकून आठवड्याने मी फोन केला.

‘‘ऐकलं का बे?’’ एवढंच तो म्हणाला. जणू काल संध्याकाळीच भेटलो होतो.

‘‘ऐकलं. ड्रमवाला नवा आहे.’’

मग इकडचं तिकडचं झालं. ठेवता ठेवता म्हणाला, ‘‘शायर, ते तुझं शुद्ध मराठीचं. मला इथं आल्यावर समजलं. ऑफिसात मी तोंड उघडलं की लोक हसून म्हणतात, किती गोड बोलता हो तुम्ही विदर्भातले! पहिलं वर्ष मी मुकाच होतो बे.’’

त्या रात्री मी लिहायला बसलो. चांगली कविता झाली नाही. पण झाली. दुसरा संग्रह यायला पुढे आणखी तीन वर्षं लागली.

मागच्या हिवाळ्यात तो भातकुलीला आला. बोटं आखडली आहेत, गिटार बरोबर नव्हती. भिंतीवरचं पिंजण पाहिलं आणि खाली उतरवलं. धूळ पुसली, तात चाचपली. ढिली पडली होती. त्याने कमानीला गुडघा लावून ती हळूहळू ताणली, मला धरायला लावलं आणि डंबेलाने एक ठोका दिला.

आतल्या खोलीतून अम्मीचा आवाज आला, ‘‘किसकी रुई आयी रे?’’