बोटावरचा थेंब, वहीतला आकडा

(हिर्डोशी येथे साक्षरता वर्गात केलेले भाषण)



मी जन्मभर मुलांना आकडे शिकवले. पण एखाद्या आकड्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो, हे मला म्हातारपणी कळले. तो आकडा रक्तातल्या साखरेचा.

मला मधुमेह आहे. आपण त्याला साखरेचा आजार म्हणतो. दोन वर्षांमागची गोष्ट. एकादशी होती. सकाळी मी नेहमीची गोळी घेतली आणि वर उपास धरला. दुपारी दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. डोळ्यांपुढे अंधारी आली. घरातली माणसे म्हणाली, "साखर वाढली असंल. गोड काही देऊ नका."

माझी नात सातवीत होती. तिने साखर मोजायचे यंत्र काढले. माझ्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पट्टीला लावला. पाच अंक मोजेपर्यंत आकडा आला, ५४. ती ओरडली, "आजी, साखर वाढली नाही, कमी झालीय! सत्तरच्या खाली गेलीय!" मग तिने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून मला पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली. आकडा वर आला, तेव्हा मला जेवू घातले. पोरीला आकडा वाचता आला, म्हणून मी वाचलो.

हे यंत्र काय करते? पट्टीवर औषध लावलेले असते. रक्तातली साखर त्याला लागली की अगदी बारीकशी वीज निर्माण होते. साखर जास्त, तर वीज जास्त. यंत्र ती वीज मोजते आणि आकडा दाखवते. माझ्या वडिलांच्या वेळी हे नव्हते. तेव्हा लघवीत निळे औषध घालून तापवीत. रंग हिरवा, पिवळा, विटकरी होई, त्यावरून अंदाज बांधीत. पण तो झाला मागच्या काही तासांचा अंदाज. या घडीला रक्तात काय आहे, ते त्यातून कळत नसे.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही काटक माणसं. डोंगर चढतो, भातलावणी करतो. आम्हाला कुठली साखर?" तर ऐका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळे तपासली. बाळे वजनाने लहान होती, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त होती. म्हणजे बाहेरून बारीक दिसणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले. म्हणून तिशी ओलांडली की तपासणी करून घ्या. आशाताई घरी आल्या, तर त्यांना विचारा.

आता आकडे नीट ध्यानात ठेवा. सकाळी उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १२६ किंवा जास्त आली, तर डॉक्टर पुन्हा तपासून मधुमेह ठरवतात. आजार असलेल्याने किती ठेवावी, ते डॉक्टर सांगतील. ७० च्या खाली गेली, तर लगेच साखर खा.

यंत्रही नीट वापरावे लागते. फणस खाऊन तसेच बोट टोचले, तर आकडा खोटाच वाढेल. आधी हात धुवा आणि कोरडे करा. आपल्याकडे पाऊस मुसळधार. पट्टीला ओल लागली की ती वाया गेली. म्हणून डबी लगेच बंद करा. डबीवरची तारीख वाचा. एकाची सुई दुसऱ्याला कधी टोचू नका.

आणि मुख्य गोष्ट. आकडा आला की वहीत लिहा. तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, आणि आकडा. महिन्याची वही पाहिली की डॉक्टरांना औषध ठरवायला सोपे जाते. आता ई-संजीवनीची सोयही आहे. उपकेंद्रात बसून मोबाईलच्या पडद्यावर लांबच्या डॉक्टरांशी बोलता येते. पण डॉक्टर विचारणार, "साखर किती होती?" तेव्हा "बरी होती" म्हणून भागत नाही. वही पुढे करावी लागते. आकडा चांगला आला, म्हणून मनाने गोळी बंद करू नका. गोळी घेतो, म्हणूनच तो चांगला येतो.

यंत्र आकडा दाखवते. यंत्र पथ्य पाळत नाही, चालायला जात नाही, गोळी घेत नाही. ते आपल्यालाच करायचे आहे.

तुम्ही कालपर्यंत अंगठा उठवीत होता. आज तुम्हाला आकडे लिहिता येतात. घरात कोणाला साखरेचा आजार असेल, तर आज रात्रीच एक वही करा. पहिल्या पानावर त्यांचे नाव लिहा, आणि उद्या सकाळचा आकडा त्याखाली मांडा.