खिशातले पैसे आणि मोबाइलमधले पैसे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात जुन्या आठवणी सांगायच्या अशी रीत आहे. पण सचिव मला म्हणाले, "काकाजी, तुम्ही बँकेचे माणूस. मोबाइलच्या पैशांवर बोला. मेंटेनन्स ऑनलाइन भरा म्हटलं की अर्धे लोक घाबरतात, आणि उरलेले अर्धे कुठंही बोट दाबतात." म्हणून आज या विषयावर चार शब्द.

आज आपल्या मुलचेऱ्याच्या बाजारात मासोळी विकणाऱ्या बंगाली मावशीजवळसुद्धा क्यूआरचे स्टिकर आहे. आपण फोन धरतो, पैसे जातात. पण ते जातात कुठून? हे बहुतेकांना माहीत नसते. माझे सगळे सांगणे या एका प्रश्नावर आहे.

आमच्या नोकरीच्या काळात बँकेत गिफ्ट चेक मिळायचे. लग्नसराईत लोक आधी रोख भरून तो चेक विकत घ्यायचे आणि पाकिटात घालून द्यायचे. पैसे आधी दिले, वापर नंतर. मोबाइलमधले वॉलेट आणि प्रीपेड कार्ड म्हणजे हेच. नागपूरला लेकीकडे गेलो की मी मेट्रोचे महाकार्ड वापरतो. त्यात आधी पैसे भरायचे, दारावर टेकवायचे, भाडे आपोआप कापले जाते. टोलनाक्यावरचा फास्टॅगही बहुतेक याच जातीचा.

यूपीआय मात्र वेगळे आहे. ते २०१६ साली सुरू झाले. त्यात मोबाइलमध्ये पैसे नसतातच. ते तुमच्या बँक खात्यात असतात आणि पिन दाबला की तिथून थेट समोरच्याच्या खात्यात जातात. म्हणजे यूपीआय ही तिजोरीची किल्ली, आणि वॉलेट म्हणजे तिजोरीतून काढून खिशात ठेवलेले बाजाराचे पैसे. एकाच अ‍ॅपमध्ये दोन्ही असतात, म्हणून गोंधळ होतो. पैसे देताना वर 'वॉलेट' लिहिले आहे की बँकेचे नाव, एवढे पाहायची सवय लावा.

तिसरा एक प्रकार आहे, यूपीआय लाइट. खात्यातून थोडे पैसे बाजूला काढून ठेवायचे आणि लहानसहान खर्चाला पिन न टाकता द्यायचे. डिसेंबर २०२४ मध्ये याची मर्यादा एका वेळी १,००० रुपये आणि एकूण ५,००० रुपये अशी वाढवली. चहा-भाजीला सोयीचे आहे. पण पिन लागत नाही, म्हणजे तुमचा उघडा फोन ज्याच्या हाती, त्याच्या हाती ते पैसे. फोनला कुलूप हवेच.

आता नियम सांगतो. वॉलेट काढायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. २००७ सालचा तसा कायदा आहे. थोडक्या माहितीवर उघडलेल्या वॉलेटमध्ये १०,००० रुपयांपर्यंतच ठेवता येतात आणि त्यातून फक्त खरेदी करता येते. पूर्ण केवायसी केली तर २ लाखांपर्यंत. या पैशांवर व्याज मिळत नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पण बँक नसलेल्या कंपनीच्या वॉलेटमधल्या पैशांना ते नाही. त्या कंपनीला लोकांचे पैसे बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, एवढाच आधार.

२०२४ ची गोष्ट आठवत असेल. रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर तिथल्या वॉलेटमध्ये नवे पैसे भरणे बंद झाले. असलेली शिल्लक वापरता येत होती, तरी लोकांच्या पोटात गोळा आला. ज्यांनी आठवड्याच्या खर्चापुरतेच ठेवले होते, त्यांना काही फरक पडला नाही. म्हणून माझा सल्ला, वॉलेटमध्ये एका बाजाराचे पैसे ठेवा, पेन्शन ठेवू नका.

आता जी गोष्ट सांगायला मला सगळ्यांत जड जाते, ती सांगतो. मी स्वतः फसलो आहे.

दोन वर्षांपूर्वी दुपारी फोन आला. "सर, तुमच्या वॉलेटची केवायसी संपली, आज संध्याकाळी बंद होईल." मुलगा फार अदबीने बोलत होता. लिंक पाठवली, मी दाबली, आलेला ओटीपीही टाकला. मिनिटभरात ४,३०० रुपये गेले. आयुष्यभर लोकांना सह्या तपासायला शिकवणारा मी! पेन्शनचे खाते त्या वॉलेटला जोडलेले नव्हते, म्हणून तेवढ्यावर निभावले.

पण खरी चूक त्यानंतर झाली. लाजेपोटी मी पाच दिवस कोणाला बोललोच नाही. बँकेचा माणूस फसला, लोक काय म्हणतील? सहाव्या दिवशी घरून विचारणा झाली, "काहून जी, सिलिंडरचे पैसे अजून टाकले नाही?" तेव्हा सांगितले. तोवर पैसे पार निघून गेले होते.

त्या पाच दिवसांची किंमत समजून घ्या. तुमचा दोष नसताना परक्याने पैसे काढले, तर संदेश आल्यापासून ३ दिवसांत कळवा, तुमची जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवले तर गेलेली रक्कम किंवा १०,००० रुपये, यांतली कमी असेल ती तुमच्या माथी. म्हणजे ५,००० गेले आणि पाचव्या दिवशी जागे झालात, तर पूर्ण ५,००० तुमचेच गेले. माझ्यासारखा ओटीपी स्वतःच दिला असेल, तर कळवेपर्यंतचे सारे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे नाही. दोन्हीकडे घड्याळ चालू असते.

म्हणून पैसे गेले की आधी १९३० या क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात अडवता आले तर ते पहिल्या काही तासांतच. मग बँकेला किंवा वॉलेट कंपनीला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. आणि एक पक्के ध्यानात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो देण्यासाठी.

पावसाळ्यात आपल्याकडे नाल्याला पूर आला की लाईन जाते, रेंज जाते. तेव्हा स्टिकर काही कामाचे नाही. घरात थोडी रोकड असू द्या, त्यात मागासलेपणा नाही.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. पाण्याच्या टाकीजवळच्या फलकावर १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. त्याखाली लिहा, 'आधी फोन करा, लाज नंतर.' आणि कोणी फसले तर आपण हसायचे नाही. तो हसण्याचा धाक नसता, तर मी त्याच दुपारी शेजारचे दार वाजवले असते.

आपण पंचवीस वर्षे एकमेकांची दारे वाजवत आलो. तेवढी सवय सोडू नका.